वडिलांची जुनी येझदी दुरुस्तीला कुणाकडे द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कऱ्हाडजवळच्या गावात वडिलांची १९८६ ची येझदी रोडकिंग सात वर्षं शेडमध्ये उभी आहे. दोन गॅरेजवाल्यांनी हात लावायला नकार दिला. तिसऱ्याने गाडी न बघताच ‘इंजिन खोलावं लागेल, वीस हजार आणून ठेवा’ असं सांगितलं. नव्या येझदीच्या शोरूममध्ये ‘ही आमच्याकडे होत नाही’ हे उत्तर मिळालं. तेव्हा पुण्यात किंवा कोल्हापुरात खात्रीचा मेकॅनिक कोण?

नाव मी सांगणार नाही. ज्यांची नावं तोंडातोंडी फिरतात त्यांच्या दारात आधीच गाड्यांची रांग असते, आणि अशा रांगेत गाडी वर्षभर पडून राहिली की निम्मे नटबोल्ट हरवलेले सापडतात. मेकॅनिक कसा शोधायचा आणि सापडल्यावर कसा पारखायचा ते मात्र सविस्तर सांगतो. मी तुमच्या येझदीसारख्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या गाड्यांचीच कामं करत आलोय. गिऱ्हाईक आमच्यापर्यंत कुठल्या वाटेने येतं आणि कुठल्या वाटेने यायला हवं होतं, हे रोज दिसतं.

आधी शोरूमचं. तिथल्या पोरांवर राग धरू नका. जुनी येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. येझदी हे नाव बाजारात परत आलं ते २०२२ मध्ये, क्लासिक लेजेंड्स कंपनीच्या गाड्यांवर. ती गाडी फोर-स्ट्रोक, ३३४ सीसी, कूलंटवर थंड होणारी, फ्युएल इंजेक्शनची. तुमची टू-स्ट्रोक, २५० सीसी, हवेवर थंड होणारी, कार्बोरेटरची, सहा व्होल्टची. टाकीवरचं नाव सोडलं तर दोघींत काही नातं नाही. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर का, हे विचारणारे मेकॅनिकही मी पाहिलेत.

नकार देणारे दोन गॅरेजवाले मला आवडले. आज तिशीत असलेला मेकॅनिक स्प्लेंडर आणि पल्सरवर शिकला. २०२० मध्ये बीएस-सिक्स हे धुराचे नवे नियम आल्यापासून त्याच्या हातात पान्याआधी स्कॅनर येतो. किक आणि गिअर एकाच कांडीवर असलेली गाडी त्याने कधी उघडली नाही, म्हणून तो नाही म्हणाला. भीती वाटावी ती तिसऱ्याची. किक न मारता, प्लग न काढता ज्याला इंजिन खोलायचंय, त्याला दुरुस्ती करायची नसून काम काढायचंय.

आता शोध. लोक गॅरेजपासून सुरुवात करतात आणि एका गॅरेजवरून दुसऱ्यावर फिरत राहतात. तुम्ही मागच्या दाराने जा, म्हणजे बोअरिंगच्या दुकानापासून. टू-स्ट्रोक गाडीचं मोठं काम निघालं की ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आतून कापून मोठा करायला बोअरिंगला जातोच, आणि पिस्टनच्या जोरावर फिरणारा क्रँक प्रेसवर जातोच. हे काम गॅरेजात होत नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर तुमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे. तिथे लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग, ओतकाम सगळं एकाला लागून एक आहे. ब्लॉकचं बोअरिंग करणारी दोन-तीन दुकानं गाठा आणि एकच विचारा: येझदीचे ब्लॉक तुमच्याकडे कोण आणतं? दोन-तीन नावं निघतील. मग चहा सांगून दुसरा प्रश्न टाका: त्यातल्या कुणाचा ब्लॉक वर्षाच्या आत परत येत नाही? बोअरिंगवाला तोंडाने कुणाची निंदा करणार नाही, त्याचा धंदा त्याच मेकॅनिकांवर चालतो. पण एक नाव तो लगेच घेईल आणि दुसऱ्या नावावर मान हलवेल. तुम्हाला तेवढं पुरे.

दुसरी जागा स्पेअर पार्टचं काउंटर. पुण्यात नाना पेठेत जुन्या दुचाकींचे सुटे भाग ठेवणारी दुकानं आहेत. येझदीच्या क्लचप्लेटा कॉर्कच्या असतात, आजच्या गाड्यांना त्या लागत नाहीत. त्या कोण नेतं, हे काउंटरवरच्या माणसाला पाठ असतं. कोण स्वस्तातली मागतो आणि कोण ‘चांगली असेल तरच दे’ म्हणतो, तेही तो जाणतो.

तिसरी जागा म्हणजे चालू गाड्यांचे मालक. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो आणि मोठ्या शहरांत मालक गाड्या घेऊन जमतात. तिथे चकचकीत क्रोम केलेल्या गाडीच्या मालकाला विचारू नका. रंग उडालेली, पण एका किकमध्ये सुरू झालेली गाडी शोधा आणि ही कुणाच्या हातची, असं त्याला विचारा. तालुक्याच्या गावात अजून एक सोपी खूण आहे: राजदूत चालवणारा दूधवाला. किटल्या लादून राजदूत ज्याने वर्षानुवर्षं ओढली त्याच्याकडे एक म्हातारा मिस्त्री असतोच, बहुधा एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, बोर्ड नसलेल्या पत्र्याच्या खोलीत. राजदूत आणि येझदी वेगळ्या कंपन्यांच्या, पण ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर, तेल-हवा अडवायला ऑइल सील, पेट्रोलमध्ये तेल ही बाराखडी तीच. राजदूत नीट करणारा येझदी शिकून घेतो. स्प्लेंडरवाल्याला मात्र मुळापासून सुरुवात करावी लागते.

या म्हाताऱ्या मिस्त्रींबद्दल एक सांगून ठेवतो. येझदीची कंपनी चालू होती तेव्हा जे विशीत होते ते आज साठीच्या आसपास आहेत. नजर कमी झालीय, पोरगा मोबाइलच्या दुकानात बसतो. ते घाईचं काम घेत नाहीत आणि घेतलंच तर बिघडवतात. त्यांच्याकडे गाडी द्यायची तर हाताखाली एक माणूस लागतो. तो माणूस तुम्ही व्हा. रविवारी जाऊन बसा, पाना द्या, फोटो काढा. त्यांना ते आवडतं, आणि पुढच्या वेळी छोटी कामं तुम्हाला घरी जमतात.

कऱ्हाडातच सगळं करणारा एक माणूस मिळेल ही अपेक्षा सोडा. जुन्या गाडीला चार हात लागतात: उघडझाक करणारा मिस्त्री, बोअरिंग-क्रँकचा लेथवाला, वायरिंगवाला आणि टाकी साफ करून वेल्डिंग करणारा. कंपनी चालू होती तेव्हा हे चौघं सर्व्हिस सेंटरच्या एका छपराखाली होते. आता त्यांना जोडणारा दोरा मालकाच्या हातात आहे. ज्याने हे ओळखलं त्याची गाडी चालते. गाडी टाकून ‘झाली की फोन करा’ म्हणणाऱ्याची गाडी पडून राहते.

कुणाकडेही न्यायच्या आधी घरी थोडं काम करा. सात वर्षं उभ्या गाडीला सरळ किक मारू नका. प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी तेल सोडा, रात्रभर राहू द्या, मग हाताने किक हळूहळू फिरवा. फिरली तर निम्मी चिंता मिटली. अडकली तर जोर लावू नका, रिंगा सिलिंडरला धरून बसल्यात एवढंच समजा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टॉर्चने आत बघा. गिअरचं तेल भांड्यात काढा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तळाशी चमचमणारी धातूची पूड असेल तर ती मिस्त्रीला दाखवायला ठेवा. बाहेरून चारी बाजूंचे फोटो काढा, इंजिन नंबर आणि चेसिस नंबरचेही.

पहिल्या भेटीत मिस्त्री तुम्हाला काय विचारतो ते ऐका. किती वर्षं उभी आहे, शेवटी चालू होती तेव्हा धूर कसला होता, किक हलते का, असं विचारणारा माणूस कामाचा. टू-स्ट्रोकमध्ये निळसर धूर थोडा असणारच. पण दाट पांढरा धूर आणि गिअरचं तेल कमी होत जाणं, ही जोडी म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलं आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतंय. डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं: बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ पडतं म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, गाडी सोडलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवरही आपोआप भरधाव आवाज करते आणि पिस्टन तापतो. हे दोन्ही तुम्ही सांगायच्या आत जो विचारतो त्याच्याकडे पुढचं बोलणं करा.

मग हत्यारं बघा. येझदीची क्लच आणि डायनामोचा रोटर काढायला पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतो. भिंतीवर पुलर टांगलेला असेल तर बरं. छिन्नी-हातोड्याने काढतो म्हणाला तर नमस्कार करून निघा, कारण त्याने क्रँकचं टोक आणि इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, दोन्ही जायबंदी होतात. पॉइंटचा गॅप फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पट्टीने, बघतो की पोस्टकार्डाच्या कपट्याने, हेही विचारा. कपट्याने करणारे काही जण उत्तम काम करतात, मी नाव ठेवत नाही. पण ठिणगीचं टायमिंग बसवताना पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतो, हे मोजायलाच हवं. ‘आवाजावरून लावतो’ हे उत्तर चालणार नाही.

यात पास झाला तरी लगेच इंजिन देऊ नका. छोटं काम द्या: कार्बोरेटर साफ करणं, नवा पॉइंट-कंडेन्सर, प्लग, ब्रेक लायनर, केबली, आणि दोन्ही सायलेन्सरमधला कार्बन काढणं. या शेवटच्या कामाला कमी लेखू नका. टू-स्ट्रोकचं तेल जळून सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काजळीने भरतात, गाडी चढाला दम टाकते आणि मालकाला सांगितलं जातं की बोअर गेला. त्या नळ्या काढून कॉस्टिक सोड्यात घातल्या की बऱ्याच गाड्या सुधारतात. उभ्या गाडीची क्लचही चिकटलेली असते, कारण कॉर्क वाळून प्लेटेला धरतो. नव्या प्लेटा टाकल्या तर आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवायच्या असतात. मिस्त्री हे न सांगता करतो का, हे बघा. छोट्या कामाचा हिशेब कसा देतो, जुने पार्ट पिशवीत भरून परत देतो का, सांगितलेल्या दिवसाच्या आसपास काम होतं का, एवढ्यावरून मोठ्या कामाचा अंदाज येतो.

शेवटी इंजिन उघडायचंच ठरलं तर पूर्ण गाडी कोल्हापूरला न्यायची गरज नसते. फ्रेममधून इंजिन सोडवून तेवढंच छोट्या हत्तीत टाकून न्या. फ्रेम, टाकी, चाकं घरी सुरक्षित राहतात, आणि गॅरेजवाल्यालाही जागा अडत नाही म्हणून तो ते लवकर हाताळतो.

बोअरिंगचा क्रम चुकवू नका. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. पुढचे पिस्टन सामान्यतः पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे येतात. आधी पिस्टन विकत घ्या, तो हातात घेऊन दुकानात जा आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर मारून घ्या. बोअर आधी मारून पिस्टन शोधत बसलेले लोक मी दर पावसाळ्यात पाहतो. दुसरं म्हणजे टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे वायू ये-जा करायची भोकं, असतात. बोअर मारल्यावर त्यांच्या कडा धारदार होतात आणि त्या बारीक घासून गोल कराव्या लागतात. रोज फोर-स्ट्रोकचे ब्लॉक करणारा कारागीर हे विसरतो. मग रिंग पोर्टच्या कडेला अडकून तुटते आणि तिचे तुकडे नवा बोअर खरवडतात. ब्लॉक घेताना पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला धार लागली तर तिथेच परत द्या.

क्रँक उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवला असेल तर तो परत सरळ केला का, हे विचारा. दाबून जोडलेला क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने तपासतात. दोन-तीन शतांश मिलिमीटरपलीकडे काटा हलला तर गाडी थरथरते आणि बेअरिंग लवकर जातात. काटा तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. काम चोख करणाऱ्याला हे दाखवायला आवडतं. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील आणि क्रँकच्या बेअरिंगा बदलून टाका. मजुरी एकदाच पडते.

एक गोष्ट कुणाच्याही सांगण्यावरून करू नका: इंजिनची केस बदलणं. इंजिन नंबर केसवर असतो, आणि तो आरसी बुकाशी जुळला नाही की आरटीओत तुमचीच गाडी तुमची राहत नाही. डावी-उजवी केस जोडीने मशिन केलेली असते. एकीकडची दुसरीला लावली की बेअरिंगांची रेषा चुकते. केस फुटली असेल तर आर्गन वेल्डिंग करून परत मशिनवर घ्या. उद्यमनगरात हे काम रोज चालतं. ‘दुसरं इंजिन टाकतो’ म्हणणाऱ्याच्या तर दारातही जाऊ नका.

पार्टचं म्हणाल तर येझदीसाठी नवा माल मिळतो, पण दर्जा एकसारखा नाही. केबल, रबर, पॅकिंग, लाइट नवे घ्या. पिस्टन, रिंगा, पॉइंट, सील यात खोट्या डब्यांचा सुळसुळाट आहे. डब्यावरचं नाव बघून भागत नाही, वर्नियर लावून माप घ्या. सील तर बेअरिंगच्या दुकानातून नंबराने घेतलेलं बरं, कारण आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी जुळली की झालं. एखादा बुश किंवा पिन कुठेच मिळाली नाही तर जुना नमुना लेथवर द्या, घडवून मिळते. म्हणूनच जुना मोडका पार्ट कधी टाकायचा नाही.

सहा व्होल्टचं बारा करायचं का, हा वाद मिटणारा नाही. रोज वापरायची गाडी असेल तर करा, दिवा नीट पडतो आणि बारा व्होल्टचे बल्ब कोणत्याही खेड्यात मिळतात. रविवारी घाटात फिरवायची असेल तर मूळ डायनामो दुरुस्त करून घ्या. त्याचे कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर हेच बहुतेक वेळा दोषी असतात, आणि डायनामो-सेल्फ दुरुस्त करणारा माणूस ट्रॅक्टरमुळे प्रत्येक तालुक्यात आहे. कुठलाही बदल केला तरी काढलेलं सामान खोक्यात भरून नाव घालून ठेवा.

इथेनॉलचं कुणी मिस्त्री सांगणार नाही म्हणून सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमच्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर, कार्बोरेटरचे ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर घराच्या अलीकडे कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. शिवाय या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ पडतं. प्लगचं टोक पांढरं फटक दिसत असेल तर मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा टाकून बघायला सांगा. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं आहे. आजच्या चांगल्या टू-टीवर लिटरला ३० ते ४० मिली, नव्या बोअरला वरच्या बाजूचं. पूर्वी पंपावर तेलाचा हातपंप असायचा, आता बऱ्याच ठिकाणी नसतो. मापाची बाटली डिकीत ठेवा आणि टाकी भरायच्या आधी तेल ओता, म्हणजे ते पेट्रोलच्या धारेत मिसळतं.

पैसे घालण्याआधी आरसी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. तुमची मुदत कधीच संपली असणार. गाडी वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा ती तुमच्या नावावर करायची की तशीच ठेवायची, हे आरटीओत विचारून घ्या. पर्यावरण कर आणि नव्या नंबरप्लेटचा खर्चही हिशेबात धरा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण १९८६ ची गाडी त्यात बसत नाही. आणि त्या नोंदणीवर रोज रस्त्यावर फिरताही येत नाही.

मोठ्या कामाचं बोलणं करताना मजुरी, लेथचं काम आणि सामान हे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. सामान शक्यतो तुम्ही आणा, लेथवाल्याला पैसे तुम्ही थेट द्या, मिस्त्रीला मजुरीचा एक भाग आधी आणि उरलेला गाडी चालवून पाहिल्यावर. तासभर चालवा, गाडी गरम असताना बंद करून लगेच किक मारा. गरम असताना सुरू होत नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल बघायला सांगून मगच उरलेले पैसे द्या. नव्या बोअरवर पहिले ५०० किलोमीटर एकट्याने, सावकाश, कुंभार्ली घाट न चढता. पहिल्या दिवसानंतर इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे नट परत आवळून घ्यायचे असतात, आणि ५०० झाले की गिअरचं तेल बदलायचं. या दोन कामांसाठी गाडी परत त्याच मिस्त्रीकडे घेऊन जा.